हिरव्या बटणावरचं कुंकू

माझी आई होती तोवर शेजारणींना सांगायची, "आमची पोरगी काचीवर बटनं काहाडते." एखादी विचारायची, "म्हंजे रांगोयीसारखं?" त्यावर आई म्हणायची, "तसंच समज. पन रांगोयी पुसली का गेली, अन् इच्या बटनानं अख्खी मिल चालू होते." हाच धंदा करणारी माणसं पुण्या-बंगळुरात लांबलचक इंग्रजी पदव्या छापून हिंडतात. पण आईइतकी सोपी ओळख मला अजून कुणी करून दिलेली नाही, म्हणून दिवाळी अंकासाठी लिहायला बसले तेव्हा पहिलं वाक्य तिच्याकडूनच उसनं घेतलं.

सांगायचं तर असं. पूर्वी डाळ मिलमध्ये, कापसाच्या जिनिंगमध्ये, पाण्याच्या टाकीखालच्या खोलीत भिंतीवर एक लोखंडी पेटी असायची. तिच्यावर हिरवं बटण दाबलं की यंत्र चालू, लाल दाबलं की बंद. आता त्या पेटीच्या जागी पाटीएवढी काच असते आणि बटणं त्या काचेवर चित्रासारखी दिसतात. कुठलं बटण कुठे असावं, किती मोठं असावं, दाबल्यावर काचेने आधी काय विचारावं आणि मग काय करावं, हे कुणीतरी ठरवावं लागतं. ते ठरवणारी मी. वाशीममध्ये एका कृषी केंद्राच्या वरच्या मजल्यावर माझं ऑफिस आहे. खाली खतांची पोती, वर आमचे संगणक. युरियाच्या वासात काम करायची आता इतकी सवय झाली आहे की दुसरीकडे गेले की काहीतरी चुकल्यासारखं वाटतं.

मी मूळची कामरगावची. काही वर्षं पुण्यात नोकरी केली आणि परत आले. परत निघाले तेव्हा तिथला एक सहकारी म्हणाला होता, "तिकडे कोणासाठी स्क्रीन बनवणार? म्हशींसाठी?" मी म्हटलं, म्हशीला जमेल असा स्क्रीन बनवला तर तो तुलाही जमेल. तो हसला, मी मात्र ते वाक्य मनावर घेतलं. राग आला की मला काम चांगलं सुचतं, हा माझा जुना दोष म्हणा किंवा गुण म्हणा.

लोकांना वाटतं आम्ही बसून चित्रं काढतो. सुरुवातीला तसंच होतं. माउसने एकेक बटण ओढून जागेवर ठेवायचं, मागे सरकून बघायचं, परत ओढायचं. आता त्या कामाला प्रोग्राम आले आहेत. आपण सांगायचं की एवढी बटणं आहेत, ही रोज लागतात, ही क्वचित, ही धोक्याची, माणूस उभा राहून दाबणार आहे आणि त्याचा हात तेलकट असणार आहे. प्रोग्राम त्यावरून मांडणी सुचवतो. एक नव्हे, ढीगभर सुचवतो. उन्हात अक्षरं दिसतील का ते तपासतो, बोटापेक्षा बटण लहान झालं तर ओरडतो. बोटाला कमीत कमी हलावं लागेल अशी जागा शोधून काढण्यात तर त्याचा हात कुणी धरणार नाही. या शेवटच्या हुशारीची गोष्ट पुढे येणारच आहे.

पण विकतच्या प्रोग्रामांचा एक गैरसमज असतो. त्यांना वाटतं, बटण दाबणारा माणूस एकटा असतो, शांत असतो आणि काचेवर लिहिलेलं वाचतो. असा माणूस मी आमच्या जिल्ह्यात अजून पाहिलेला नाही. म्हणून आम्ही ऑफिसात आमचं स्वतःचं एक हत्यार बनवलं. कुठलाही पडदा गिऱ्हाइकाकडे जाण्याआधी हा प्रोग्राम त्याला छळतो. चुकीचं बटण दाबतो, एकच बटण रागाने पुन्हा पुन्हा दाबतो, अर्ध्यातून निघून जातो, ओल्या हाताने घसरतो. रात्रभर त्याला मोकळा सोडायचा आणि सकाळी कुठे काय फुटलं ते बघायचं. ऑफिसात त्याचं नाव पडलं खोड्या. मला माझ्या कामातल्या कुठल्या गोष्टीचा सर्वांत जास्त अभिमान आहे असं विचाराल, तर या कार्ट्याचा. आज बाहेरगावचे लोकही तो मागून नेतात.

खोड्याला शाळेत कुणी घातलं नाही, त्याला गिऱ्हाइकांनीच शिकवलं. कारंज्याकडच्या एका जिनिंगवाल्या शेठजींचा हट्ट होता की पडद्यावर मागे त्यांच्या कैलासवासी वडिलांचा फोटो हवा, हारासकट. पैसे देणारं गिऱ्हाईक देव, आम्ही टाकला. प्रोग्रामने मांडणी केली ती नेमकी अशी, की बंद करायचं लाल बटण बाबूजींच्या कपाळावर आलं. यंत्र चालवणारा गडी आठवडाभर बंद बटणाला हातच लावेना, मागे जाऊन मेन स्विच पाडायचा. विचारलं तर म्हणाला, "ज्या मानसानं मले कामाले लावलं, त्याच्या टायक्यावर बोट कसं दाबू?" शेवटी बाबूजींना पहिल्या पानावर बसवलं. सकाळी दर्शन द्यायचं आणि बाजूला व्हायचं. शेठजींना वाईट वाटेल असं वाटलं होतं, पण ते खूश झाले. म्हणाले, "बाबूजी जित्ते होते तवाही कामाच्या टायमाले मधात बोलत नव्हते." त्या दिवसापासून खोड्या हेही तपासतो की कुठलं बटण कुणाच्या चेहऱ्यावर तर येत नाही ना.

शिरपूरला एका यात्रीनिवासात खोली मागण्याचा पडदा बसवला होता. तिथे एक म्हातारं जोडपं आलं. आजोबांनी 'खोली'वर बोट ठेवलं आणि त्याच क्षणी आजींनी 'जेवण'वर. पडदा गप्प. आजोबा म्हणाले, "तू हात काढ ना वं, मी करून राह्यलो ना!" आजी म्हणाल्या, "जल्मभर तुमीच करून राह्यले. आज मले दाबू द्या." कुणीच बोट काढेना. पडदा बिचारा काय करणार, त्याला एकाच माणसाची सवय. मी बाजूला उभी राहून हसत होते आणि मनात लिहून घेत होते. ऑफिसात आल्यावर खोड्याला दुसरा हात दिला.

तर असे एकेक हात शिकत खोड्या मोठा झाला. त्याने ज्या पडद्याला हिरवा शेरा दिला त्याला पुढे कुणी बोट लावू शकत नाही, अशी माझी खात्री होऊन बसली होती. मग केनवडची मिल आली.

केनवडच्या बाजूला शेतकऱ्यांच्या एका गटाने डाळ मिल घातलेली आहे. गटाचे अध्यक्ष रामदासभाऊ. साठीचा माणूस, आवाज असा की मिल चालू असतानाही ऐकू यावा. मिल चालवायच्या शोभाताई. ही मिल त्यांनी कित्येक वर्षं एकहाती चालवलेली आणि ते त्या कुणाला विसरू देत नसत. पहिल्याच भेटीत मला म्हणाल्या, "ताई, तुमी पडदा आना नाही तं विमान आना. चालवनार मीच." जुनी पेटी काढून टचस्क्रीन बसवायचं ठरलं होतं. यंत्र एका बाहेरच्या कंपनीचं, पडदा आमचा. उडीद-मूग येऊन पडले होते, त्यामुळे खंडेनवमीला नव्या पडद्याची पूजा करायची आणि लगेच मिल सुरू करायची, असं रामदासभाऊंनी गावभर सांगून टाकलं होतं.

नवमीच्या दोन-तीन दिवस आधी मी पडदा बसवायला गेले. सगळं नीट बसलं. खोड्याने हिरवा शेरा दिलेला होताच. वायरमन सलीमभाई जुनी पेटी उतरवून बाहेर ठेवत होते. तिच्यावरून सहज नजर गेली तर हिरव्या बटणावर लाल-पिवळा थर. नखाने खरवडला तरी निघेना इतका जुना.

मी शोभाताईंना विचारलं, "हे काय हो?"

"काय म्हंजे? दर नवमीले लावतो ना. आधी हयद, मंग कुंकू. जे मिल चालू करते त्याले लावा लागते. बाकीचे पट्ट्याले, चाकाले फुलं बांधतेत. बटन माह्यं असते." हे सांगताना त्यांची मान ताठ झाली होती.

"मग पूजेच्या वेळी मिल चालू नाही व्हायची?"

"कशी होईन? मेन बंद असे ना."

"आणि या वर्षी?"

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू विचारत होत्या, ही बाई शिकलेली आहे ना? "मेन बंद केला तं काच अंधारी होते, ताई. अंधाऱ्या काचीले काय कुंकू लावा? लाइट चालूच ठेवू ना पडद्याचा. भाऊले फोटो बी काढाचा हाये."

आता इथे धंद्यातली एक गोष्ट समजावून सांगते. काचेवरचं 'चालू' दाबलं की लगेच यंत्र सुरू होत नाही. चुकून बोट लागलं असेल म्हणून पडदा आधी विचारतो, 'खात्री आहे?' मग 'हो' दाबलं की भोंगा वाजतो आणि भोंग्यानंतर पट्टे फिरू लागतात. दोनदा विचारणं ही आमच्याकडची जुनी रीत. एकदा चूक होईल, लागोपाठ दोनदा कशी होईल? आणि आमच्या मांडणी करणाऱ्या हुशार प्रोग्रामने बोटाचा प्रवास वाचवायला ते 'हो' बरोबर 'चालू'च्या जागेवर आणून ठेवलं होतं. बोट उचला आणि तिथेच पुन्हा टेका.

आधी हळद, मग कुंकू. एकाच जागी, लागोपाठ. हळदीने पडदा विचारणार, 'खात्री आहे?' आणि कुंकू म्हणणार, 'हो.' त्या वेळी बाकीची माणसं पट्ट्यांना झेंडूच्या माळा बांधत असणार. खोड्याला चुकीची बोटं सगळी ठाऊक होती. पण हे बोट चुकीचं नव्हतंच. ते अगदी बरोबर बटणावर, अगदी मनापासून टेकणार होतं, फक्त यंत्र सुरू करायला नव्हे.

मी तडक रामदासभाऊंकडे गेले. घाईत बोलले ते असं की, भाऊ, यंदा पडद्याला हळद-कुंकू लावू नका, मिल चालू होईल. माझी बोलण्याची पद्धतही तापट आहे, ते वाक्य हुकूम सोडल्यासारखं गेलं असणार. भाऊ म्हणाले, "तुमच्यात नसते ना हे. म्हून तुमाले तसं वाटून राह्यलं."

आजूबाजूला गटाची चार माणसं होती. सगळी एकदम जमिनीकडे बघायला लागली. आम्ही बौद्ध. माझ्या आजोबांच्या पिढीने देव्हारा सोडला. आमच्या घरी यंत्राची पूजा होत नाही हे खरं, आणि ते भाऊंना ठाऊक होतं हेही खरं. मला लागलं. चांगलंच लागलं. इतकी वर्षं या गावांच्या मिलमध्ये जेवले, तिथल्या पोरींच्या लग्नाला गेले, आणि एका वाक्यात मी पलीकडच्या बाजूला जाऊन बसले.

मी म्हटलं, "भाऊ, आमच्यात पूजा नसते. हात असतात. पट्ट्यात गेला तर आमचाही तुटतो आणि तुमचाही." एवढं बोलून मी बाहेर आले, कारण आणखी थांबले असते तर रडले असते किंवा भांडले असते.

बाहेर येऊन यंत्राच्या कंपनीला फोन लावला. तिकडचा इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, 'हो' दुसऱ्या कोपऱ्यात सरकवा. विषय संपला." सरकवणं मला अर्ध्या तासाचं काम होतं. पण पुढच्या वर्षी कुणी नवा माणूस, नवा प्रोग्राम घेऊन येईल, त्यालाही बोटाचा प्रवास वाचवायची हौस असेल आणि तो ते परत जागेवर आणून ठेवेल. मग इंजिनिअरने दुसरा उपाय सांगितला की पडद्यावर पाटी लावा, 'कुंकू लावू नये.' मी विचारलं, तुमच्या घरी नव्या गाडीच्या बॉनेटला असं लिहून चालेल का? एक तिसरा उपाय माझ्या डोक्यात होता. माझे वडील एसटीच्या वर्कशॉपात मेकॅनिक होते. गाडीखाली शिरायचं असलं की आधी गाडीची चावी काढून स्वतःच्या खिशात घालायचे, मग झोपायचे. चावी ड्रायव्हरच्या हातात असली तरी ते खाली जात नसत. काचेवरचं कुलूप कितीही चांगलं केलं तरी माणसाचा जीव काचेवर टांगू नये, हे मला त्यांच्याकडून आलेलं आहे.

सलीमभाईंना विचारलं, "पडद्याचा लाइट चालू राहील आणि मोटारींची लाइन तुटलेली असेल, अशी चावी बसवता येईल?"

"येईन ना. मोटारीची लाइन अलग काढतो, चावीचा स्विच टाकतो. चावी काढली का मोटर मेली, पडदा जित्ता." मग आवाज खाली आणून म्हणाले, "पन ताई, भाऊले कोन सांगनार? ते आता तापले हायेत."

भाऊंना सांगायला त्यांची बायकोच धावून आली. सुमनवैनी दरवर्षी मोठ्या चाकाला माळ बांधायच्या. त्यांच्या कानावर सगळं गेलं होतं. मला घरात बोलावून चहा दिला आणि विचारलं, "खरंच चालू होते का वं?" मी म्हटलं, होते. त्यांनी थोडा विचार केला. "मंग सांगून काई उपेग नाई. त्याईले दाखवा लागते. सलीमभाऊले म्हना मोटारी तोडून ठेव, भोंगा तेवढा राहू दे. मी उभी राह्यतो चाकापाशी. दुसरं कोनी उभं राह्यलं तं त्याईच्या ध्यानात यायचं नाई."

वऱ्हाडातल्या बायका नवऱ्याला किती ओळखून असतात हे मी त्या दिवशी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वैनींनीच भाऊंना आणलं. म्हणाल्या, नवा पडदा हाये, नवमीले फजिती नोको, एकडाव करून पाहा. सलीमभाईंनी मोटारींचे फ्यूज काढून खिशात ठेवले होते आणि मी ते स्वतः मोजून घेतले होते. वैनी चाकापाशी गेल्या आणि माळ आत घालायला लागल्या. त्यांचा हात मनगटापर्यंत आत होता. शोभाताईंनी नुसतं ताट धरलं; नव्या पडद्याला पहिलं बोट अध्यक्षांनी लावायचं, असं वैनींनीच ठरवलं होतं. भाऊंना हे नाटक ठाऊक नव्हतं आणि मिल चालू होईल हे पटलेलंही नव्हतं, त्यामुळे ते निवांत होते. भाऊंचं हळदीचं बोट टेकलं. काचेवर चौकट आली, ती त्यांनी वाचलीच नाही. पूजेत कोण वाचतं? कुंकवाचं बोट टेकलं.

भोंगा असा वाजला की छपरावरची कबुतरं उडाली.

"अवं माय!" वैनींनी हात ओढून घेतला. त्यांना सगळं ठाऊक होतं, तरी त्यांचा चेहरा पांढरा पडला. माळ तुटून खाली फुलं सांडली. भाऊ पळत त्यांच्यापाशी गेले, त्यांचा हात दोन्ही हातांत धरला, उलटा-पालटा करून पाहिला. चाक जागचं हललं नव्हतं. वैनी म्हणाल्या, "आज मोटर तोडेल हाये, म्हून वाचला. नवमीले गेला असता ना माहा हात. तुमच्याच बोटानं."

भाऊ उडदाच्या पोत्यावर बसले. शोभाताई सांडलेली फुलं गोळा करू लागल्या. मग भाऊ माझ्याकडे न बघता म्हणाले, "सलीम, कोनती चावी पायजे ते आन. आजच बसव." मला वाटलं होतं मला आनंद होईल, जिंकल्यासारखं वाटेल. तसलं काही वाटलं नाही; मी सलीमभाईंच्या खिशातले फ्यूज पुन्हा एकदा मोजले.

पुढचं काम मात्र मी अशा हौसेने केलं की तसं पुन्हा करायला मिळालं नाही. चावी काढली की पडद्याने ओळखायचं आणि सगळी बटणं घालवून एकच पान दाखवायचं. स्वच्छ, उजळ, आणि मधोमध एक रिकामं वर्तुळ. त्या पानावर कुठेही, कितीही, कसंही बोट लावा, काही होणार नाही. मी देवाचं चित्र टाकू का विचारलं तर शोभाताई म्हणाल्या, "नोको बाप्पा. फोटो टाकशीन तं त्याच्याच डोयात बोट जाईन. गोल राहू दे. अन् तो माह्या हाताच्या उंचीवर घे, भाऊच्या नाई. कुंकू मी लावतो." वर्तुळ चार बोटं खाली घेतलं.

खोड्यालाही नवा धडा दिला. शोभाताई आणि मिलमधल्या बायकांना बसवून एका जादा पडद्यावर हळद-कुंकू लावायला सांगितलं. कुणी एक बोट टेकतं, कुणी पाच टिंबं काढतं, कुणी वरून अक्षता टाकतं, कुणी शेवटी पूर्ण पंजा ठेवून नमस्कार करतं. ते सगळे स्पर्श नोंदवून घेतले. आता जगात कुठेही कुणी खोड्या वापरत असेल, तर तो त्यांच्या पडद्याला एकदा तरी केनवडची हळद लावून बघतो. पुण्याच्या त्या सहकाऱ्याने अलीकडे फोन करून विचारलं, "हे 'पूजा' नावाचं काय आहे तुमच्या टूलमध्ये? आमचा एक पडदा त्यात नापास झाला." मी म्हटलं, म्हणजे तुमच्याकडे कुणाचा तरी हात वाचला. आणि फोनवर मनसोक्त हसून घेतलं.

खंडेनवमीला मी जाणार नव्हते. पडदा बसला होता, चावी बसली होती, माझं काम संपलं होतं. पूजेच्या जागी मी कशाला, असंही मनात होतं. ते भाऊंचं वाक्य अजून आत कुठेतरी सलत होतंच. पण वैनींचा सकाळीच फोन आला, "ताई, तुमी आल्याबिगर चालू नाई कराची असं हे म्हनून राह्यले." म्हणून गेले. अंगणात गर्दी. सगळ्या चाकांना माळा, लिंबं, आंब्याची पानं. मी दाराशी, जरा बाजूला उभी राहिले.

भाऊ पडद्यापाशी गेले. चावी फिरवली, बाहेर काढली. पडदा उजळला, मधोमध वर्तुळ आलं. शोभाताई ताट घेऊन तयार होत्या. पण भाऊ पूजेला लागले नाहीत. गर्दीतून वाट काढत दारापाशी आले आणि सगळ्यांसमोर चावी माझ्यापुढे धरली.

"ताई, हे तुमी धरा."

मी म्हटलं, "भाऊ, तुम्ही अध्यक्ष, तुमच्याकडे ठेवा."

"आमचे सगळ्याईचे हात आता पूजेत गुततीन," भाऊ म्हणाले. आवाज नेहमीसारखाच मोठा, साऱ्या अंगणाला ऐकू जाईल असा. "तुमचे मोकये हायेत. मोकया हातात चावी पायजे."

मी चावी घेतली. त्या दिवसापासून सलणारं जे होतं ते त्या क्षणी निघून गेलं, आणि माझे डोळे भरून आले हे लिहायला मला संकोच वाटत नाही. सुमनवैनींनी मोठ्या चाकात हात घातला आणि सावकाश, गाठ पक्की होईपर्यंत माळ बांधली. शोभाताईंनी वर्तुळात हळद लावली. मग कुंकू लावलं. भोंगा वाजला नाही. एकही पट्टा हलला नाही. शोभाताईंनी काचेवर पूर्ण पंजा ठेवून नमस्कार केला, तरी काही झालं नाही. इतकी वर्षं मी यंत्रं चालू करणारी बटणं काढत आले, आणि काहीही न होण्याचा इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

आरती झाली. नारळ फुटला. भाऊ माझ्यापुढे येऊन हात पसरून उभे राहिले. "द्या आता चावी. उडीद वाट पाहून राह्यला."

मी मूठ उघडली नाही. माझे वडील खिशातून चावी काढण्याआधी जे विचारायचे, तेच मी मोठ्याने विचारलं, "सगळ्यांचे हात बाहेर आहेत का? आधी मला दाखवा."

क्षणभर हशा पिकला. मग सुमनवैनींनी दोन्ही हात वर केले. शोभाताईंनी केले. सलीमभाईंनी, गटाच्या माणसांनी, दारातल्या बायकांनी केले. सारं अंगण हळदीने पिवळं आणि कुंकवाने लाल झालेले तळवे मला दाखवत उभं राहिलं. सर्वांत शेवटी रामदासभाऊंनी आपले दोन्ही हात वर धरले. मी ते सगळे नीट पाहिले, आणि मग चावी दिली.